भिंतीतल्या चौकटीचं कुंकू

सोमवारी मला शाळेत रुजू व्हायचं होतं, आणि शनिवारी दुपारचा एक वाजला तरी आमच्या भिंतीला नुसतं भोक पडलेलं होतं. तेही ओबडधोबड. मी दाराशी कंबरेवर हात ठेवून उभी, वायरमन चंपतराव छन्नी-हातोडा घेऊन फरशीवर बसलेले, आणि माझे यजमान अनंतराव चाकाच्या खुर्चीतून त्या भोकाकडे डोळे बारीक करून पाहत होते.

"होईल ना हो चंपतराव?" तासाभरात मी दहाव्यांदा विचारलं असेल.

"होते ना बाई. काऊन एवढ्या घाबरून राह्यल्या तुमी?"

काऊन घाबरते म्हणे! ह्या माणसाला काय सांगू? त्या भोकात एक स्क्रीन बसायचा होता, आणि तो नीट चालला तरच अनंतराव आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरात, स्वतःच्या घरात राहणार होते. नाही चालला तर आमचा मुलगा अपूर्व गाडी घेऊन येणार आणि त्यांना हैदराबादला सहाव्या मजल्यावर नेऊन ठेवणार. एका आठवड्याची मुदत दिली होती त्याने. पुढच्या रविवारपर्यंत.

सात महिन्यांपूर्वी, दिवाळी होऊन आठच दिवस झाले होते, तेव्हा ह्यांना झटका आला. मेंदूत रक्ताची गाठ. आदिलाबादला दवाखान्यात सतरा दिवस काढले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. डोकं मात्र एकदम शाबूत. सगळं ऐकतात, सगळं समजतं, टीव्हीवरच्या बातम्या पाहून कपाळाला आठ्या घालतात. पण तोंडातून 'आ' आणि 'बा' याच्यापुढे काही निघत नाही. डाव्या हातात पेन दिला तर नुसत्या रेघा उमटतात. डॉक्टर म्हणाले, शब्दांचा कप्पाच बंद पडला आहे.

आणि बोलणं जायचं तर कुणाचं जावं? अनंतरावांचं! बाप्पा, ह्या माणसाच्या तोंडाचा पट्टा तुम्ही ऐकायला पाहिजे होता. एकतीस वर्षं महसुलात काढली, गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवरचे साहेब, म्हणून निवृत्त झाले. मराठी घरची, तेलुगू कचेरीतली, उर्दू जुन्या मिसली, कचेरीतल्या फायली, वाचून वाचून तोंडात बसलेली, आणि गोंडीसुद्धा कामापुरती येत होती. रस्त्यात कोणी दिसलं की पहिला प्रश्न, गाव कोणतं? मग त्या गावातला एक तरी ओळखीचा निघायचाच, आणि आमची भाजीची पिशवी माझ्या हातात अर्धा तास लटकलेली.

नेरडीगोंड्याकडच्या एका गावात दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले होते. हे मोजणीला गेलेले. साखळी बाजूला ठेवली आणि बोलायला बसले. थोरल्याशी मराठीत, धाकट्याच्या बायकोशी तेलुगूत, कारण ती तिकडची होती. त्यांच्या बापाने विहीर खणली तेव्हा कोण कोण होतं, इथपासून सुरुवात. चार तास! शेवटी ते दोघे भाऊच कंटाळले आणि म्हणाले, "साहेब, तुमी म्हनान तिथं दगड रोवा, पन आता घरी जाऊ द्या." हे मला हसत हसत सांगायचे. मी म्हणायची, मला तर रोजच तसं होते.

मी स्वभावाची तापट. पस्तीस वर्षं मुलांवर ओरडून ओरडून आवाजही तसाच झालेला. ते मला थट्टेने 'बाई' म्हणायचे, शाळेतली मुलं म्हणतात तसं. झटका आला त्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते, शाळेला उशीर होत होता, आणि ह्यांचं मागून चाललेलं, कोणत्या तरी चुलतभावाच्या व्याह्याची गोष्ट. मी वळून म्हटलं, "अवो, एक मिनिट गप्प राहता का?" ते गप्प राहिले. ते तेव्हापासून गप्पच आहेत. हे मी अपूर्वला सांगितलेलं नाही, कुणालाच सांगितलेलं नाही. मला फार लाज वाटते त्याची.

माझी सगळी रजा संपली. जूनमध्ये शाळा उघडली, आणि निवृत्तीला नऊ महिने उरलेले. नोकरी सोडते म्हटलं, तर ह्यांनी डाव्या हाताने जेवणाचं ताट लोटलं. हैदराबादचं नाव काढलं, तर भिंतीकडे तोंड करून दोन दिवस जेवले नाहीत. घरात हाताखाली सोनाबाई आहे, ती सकाळपासून अकरापर्यंत थांबते. पुढे तिलाही तिचं शेत आहे, सरकी टोबायचे, कापूस पेरायचे दिवस, ती दोनला परत येते. शेजारीपाजारी सगळे शेतात. दुसरा माणूस ठेवला तर हे त्याला अंगाला हात लावू देत नाहीत. म्हणजे अकरा ते दोन हे एकटे. त्या तीन तासांचा प्रश्न होता सगळा.

आधी अपूर्वने टॅब आणून दिला होता. तो त्यांच्या डाव्या हातातून दोनदा पडला आणि दुसऱ्यांदा फुटला. खोलीत कॅमेरा लावू का म्हटलं, तर ह्यांनी टॉवेल फेकून मारला. मग अपूर्वने हा स्क्रीन पाठवला. वीतभर रुंद आणि हातभर लांब, चारी बाजूंनी काळी पट्टी. त्याच्यावर सहा चित्रं: पाणी, संडास, पंखा, दुखतंय, सोनाबाई आणि बाई. पाण्याच्या जागी आमच्याच तांब्याचा फोटो, बाईच्या जागी माझा. चित्राला बोट लागलं की माझ्या फोनवर आणि अपूर्वच्याही फोनवर अपूर्वच्याच आवाजात येणार, 'बाबांना पाणी हवं आहे.' माझ्या फोटोला बोट लागलं तर सरळ फोनच लागणार, आणि मी बोललेलं त्यांना ऐकू येणार.

"आई, बाबांच्या बोटाला नीट जोर नाही, म्हणून मुद्दाम हा घेतला," अपूर्व फोनवर समजावत होता. "काच दाबावी लागत नाही. त्या काळ्या पट्टीतून न दिसणाऱ्या उजेडाच्या रेघा जातात. मध्ये काहीही आडवं आलं, बोट, काठी, काहीही, की त्याला कळतं." मी हो हो म्हटलं. मला त्यातलं काय कळतंय? मला फक्त तो भिंतीत बसायला हवा होता, पडणार नाही असा.

पलंगाच्या डाव्या हाताला भिंतीत एक कोनाडा होता, ह्यांचा रेडिओ ठेवायचा. तोच वाढवायचं ठरलं. चंपतरावांनी टेप काढलाच नाही. म्हणाले, "बाई, मी जरा साहेबाच्या जागेवर झोपू काय?" आणि चपला काढून, पाय पुसून, ते पलंगावर आडवे झाले. उजवा हात पाठीखाली दाबला. मग डोळे मिटून डावा हात सोडला, तो भिंतीवर जिथं पडला तिथं पेन्सिलीने खूण केली. असं पाच वेळा केलं. खुर्चीतून हे पाहताना अनंतराव हसले. सात महिन्यांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

पण छन्नी मारायची वेळ आली तशी ह्यांनी आरडाओरडा सुरू केला. "आ! आ! आ!" डावा हात खुर्चीवर आपटत होते.

"आवाजानं तरास होऊन राह्यला त्याहिले," चंपतराव म्हणाले. "बाई, बाहेर घेऊन जा."

मी खुर्ची ढकलू लागले, तर ह्यांनी चाक धरून ठेवलं. तोंड लाल. मी म्हटलं, "अवो, दहा मिनिटांचं काम आहे, सहन करा ना जरा!" तेवढ्यात चंपतरावांनी घाव घातला, आणि प्लास्टरखालून वायरचा जुना पाइप फुटून बाहेर आला. मेन स्विच बंद होता म्हणून बरं. चंपतराव पाइपकडे पाहत बसले. पंचवीस वर्षांपूर्वी ह्या घराची वायरिंग त्यांनीच केली होती, आणि अनंतराव दिवसभर त्यांच्यापाशी गप्पा मारत बसले होते. पाइप कुठून गेला ते वायरमन विसरला, घरमालक विसरला नव्हता.

"साहेब तेच सांगून राह्यले होते," चंपतराव हळूच म्हणाले. मला वाईट वाटलं. पण सोमवार डोक्यावर होता, वाईट वाटून घ्यायलाही सवड नव्हती.

रविवारी संध्याकाळी स्क्रीन बसला. कोनाड्यात लाकडाची चौकट, चौकटीत स्क्रीन, कडेने सिमेंट सारखं केलेलं. हाताने हलवून पाहिलं तर जागचा हलेना. ह्यांनी तांब्याला बोट लावलं. स्वयंपाकघरात माझा फोन म्हणाला, 'बाबांना पाणी हवं आहे.' मी पाणी घेऊन धावले. प्यायले. परत लावलं. अकरा वेळा पाणी मागितलं त्या संध्याकाळी, आणि अकराही वेळा मी नेलं. माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी सकाळी निघण्याआधी मी आंघोळ करून हळद-कुंकवाची वाटी आणली. आमच्याकडे मोटार येवो, मिक्सर येवो, हळद-कुंकू आणि अक्षता लावल्याशिवाय वापरत नाहीत. आणि ही तर चौकट होती, घराच्या भिंतीत बसवलेली. दाराच्या चौकटीला लावतात तसं मी स्क्रीनच्या चारी कोपऱ्यांना काळ्या पट्टीवर हळद-कुंकू लावलं, ओल्या कुंकवावर अक्षता चिकटवल्या. हात जोडले आणि म्हटलं, माझ्या माणसाला सांभाळ रे बाबा. ह्यांच्या कपाळालाही बोट टेकवलं. स्कूटर काढली आणि निघाले.

शाळा बाजारहत्नूरच्या रस्त्यावर, घरापासून नऊ किलोमीटर. दहा वाजून वीस मिनिटांनी, दुसरीच्या मुलांची हजेरी घेताना, पर्समधून अपूर्वचा आवाज आला. 'बाबांना दुखतंय.'  सोनाबाईला फोन लावला, उचलेना. हेडमास्तर उत्तमराव सरांना सांगून तशीच सुटले.

घरी पोचले तर हे उशीला टेकून बसलेले, सोनाबाई मागं धुणं धूत होती.

"कुठं दुखते?" ह्यांनी मान हलवली, नाही. "मग दाबलं काऊन?" परत नाही. डावा हात उचलून स्क्रीनकडे दाखवू लागले, वरच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिथं 'दुखतंय'चंच चित्र होतं. "दुखते म्हणता का नाही म्हणता, एक काय ते सांगा ना!" त्यांनी डोळे मिटून घेतले. मी परत शाळेत गेले.

पावणेबाराला पुन्हा. आता सोनाबाईही नव्हती. मी पुन्हा नऊ किलोमीटर. हे ठीक. घाम नाही, काही नाही. पुन्हा तो हात कोपऱ्याकडे, 'आ, आ.' गावातल्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी रक्तदाब पाहिला, छाती पाहिली, चांगलं आहे म्हणाले. ते जातात न जातात तो फोन आपल्याआप बोलला, 'बाबांना दुखतंय.' ह्यांचा हात तेव्हा गादीवर होता का स्क्रीनजवळ होता, मी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मी पाहिलं नव्हतं.

"मुद्दाम करून राह्यले काय तुमी?" माझा आवाज चढला. "मी शाळेत जाऊ नये म्हणून? मंग तसं सांगा! जाऊ आपण हैदराबादले!"

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मलाच खाली पाहावं लागलं. पण मी माफी मागितली नाही. मला वाटत होतं, माझंच खरं आहे. एकटा माणूस भितो, बायकोला बोलवायला काहीतरी दाबतो, त्यात नवल काय?

मंगळवारी तो फोन तीस वेळा बोलला. दर वेळी तेच वाक्य, आणि माझ्या पोराच्याच आवाजात. मी धावले दोनदा, तिसऱ्यांदा उत्तमराव सर दारात उभे होते. म्हणाले, "मॅडम, तुमची अडचण समजते, पण दोन वर्ग उघडे पडतात." मी वर्गात परत गेले. फळ्यावर पाढे लिहिताना दोनदा चुकले.

अपूर्वलाही ते सगळे इशारे जात होतेच. दुपारी त्याचा फोन आला.

"आई, स्क्रीन पुसला का? कडा नीट पूस. पट्टीवर धूळ बसली तरी असं होतं."

"पुसला," मी म्हटलं. खरंच पुसला होता. काच पुसली, कडा पुसल्या. कुंकू तेवढं सोडून. आजारी माणसाच्या उशाशी मी माझ्या हाताने कुंकू पुसू?  आणि एवढ्याशा कुंकवाने काय होणार आहे, तो उजेड का काय तो, त्याला?

"मग स्क्रीनच खराब निघाला," अपूर्व म्हणाला. "आई, हे काही जमणार नाही. मी गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येतो. बाबांचे कपडे भरून ठेव."

"तू रविवार म्हणाला होतास रे."

"आई, एका दिवसात तीस वेळा! उद्या खरंच काही झालं तर कसं कळणार तुला?"

मी फोन ठेवला आणि वर्गात गेले.

संध्याकाळी चंपतरावांना बोलावलं. त्यांनी मागची झाकणं उघडली, वायरी पाहिल्या, एकेक जोड हाताने ओढून पाहिला. तोंड उतरलेलं. "बाई, माझ्या कामात खोट नाई. पाहिजे तर भिंत फोडून परत बसवतो." त्यांनीही फडकं घेऊन सगळी काच पुसली आणि कोपऱ्याशी येऊन थांबले. माझ्याकडे पाहिलं.  कुंकवाला वळसा घालून त्यांनी फडकं पुढे नेलं. पलंगावरून अनंतराव जोरात ओरडले, "आ!" मी म्हटलं, "अवो, झालंच." चंपतराव गेले. मी ह्यांच्या लुंग्या आणि शर्ट काढून पिशवीत भरायला घेतले. ते पाहत होते. घड्या घालताना मी रडत होते आणि ते माझ्याकडे नाही, त्या कोपऱ्याकडे पाहत होते.

बुधवार हा शेवटचा दिवस. फोन मी मुका करून पर्समध्ये टाकला होता. तासातासाने काढून बघायची, दुखतंय, दुखतंय, दुखतंय, यादी संपतच नव्हती. अकरा चाळीसला माझा स्वतःचा फोटो दिसला. बाई. ह्यांनी फोन लावला होता. मी वर्गाच्या दारात येऊन उचलला.

"आ," तिकडून आवाज आला. "आ. बा. आ, आ."

"दुखते का?"

"आ! आ! बा!" रागाने.

आत चाळीस मुलांचा गोंधळ, समोर उत्तमराव सर व्हरांड्यातून येताना दिसत होते. माझं डोकं उठलं. "अवो, वर्ग चालू आहे. एक मिनिट गप्प राहता का?" आणि मी फोन ठेवला.

दुपारच्या जेवणाला मुलं रांगेत बसली तेव्हा फोन काढला. बारा पस्तीस झाले होते. शेवटचा 'दुखतंय' बारा अकराचा. त्याच्यानंतर काही नाही. मी खाली-वर करून पाहिलं. काहीच नाही. पहिल्यांदा वाटलं, सुटले बाई एकदाची! पूर्ण बिघडला तरी बरं.

आणि मग मी मुलांची रांग तशीच सोडली. कारण हे मला माहीत होतं. दिवाळीनंतरच्या त्या सकाळी मी गप्प राहा म्हटलं आणि ते गप्प झाले, तेव्हाही मला असंच बरं वाटलं होतं. पाच मिनिटं मी खुशीत भाकऱ्या थापल्या होत्या. पाच मिनिटांनी वळून पाहिलं तर ते खुर्चीतून कलंडलेले. डॉक्टर विचारत होते, किती वाजता झालं? मला सांगता आलं नव्हतं. आणि आज मी तेच वाक्य परत बोलले होते, शब्दाला शब्द.

कुणाला विचारलं नाही. स्कूटर काढली. सोनाबाईला फोन लावला, लागला, "जिथं असशील तिथून घरी पळ," एवढंच बोलले. रस्त्यात बियाण्याच्या गोण्या घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता, मधूनच. हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखला, तो काही सरकेना. मी ओरडले, शिव्या दिल्या, शिक्षिकेला न शोभणाऱ्या. नऊ किलोमीटर मी एकच बोलत होते, बोला हो, काही तरी बोला.

कडी काढून आत गेले. पलंग रिकामा.

"अवो!"

पलंग भिंतीपासून हातभर सरकलेला, आणि त्या फटीत, भिंतीला पाठ लावून, अनंतराव खाली बसलेले. लुंगी सुटलेली, डावं कोपर सोललेलं, अंग घामाने भिजलेलं. शेजारी त्यांची कचेरीतली लाकडी पट्टी पडली होती, नकाशावर रेघा मारायची. डोळे उघडे होते. माझ्याकडे पाहत होते.

मी धपकन खाली बसले. त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मेले असते ना तुमी! कशाले उठले? कोणी सांगितलं होतं?" मी ओरडत होते आणि रडत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि वर बोट दाखवलं.

वरचा उजवा कोपरा. तिथलं कुंकू पुसलेलं होतं. लाल फराटा खिडकीच्या गजापर्यंत गेला होता, म्हणजे लाकडी पट्टी पुरली नाही तेव्हा गजाला धरून हे उभे राहिले होते. एका पायावर.  कुंकू त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

मग त्यांनी ते बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. लाल बोट, आणि नखात अडकलेला तांदळाचा एक दाणा. माझ्या अक्षतांमधला. कोपऱ्यातून घसरून काळ्या पट्टीच्या आत, काचेच्या कडेला जाऊन बसला होता. तिथं आडवा पडून सोमवारपासून तो एकटाच सांगत होता, बाबांना दुखतंय, बाबांना दुखतंय. आणि हे तीन दिवस पलंगावरून, जिथून बोट चित्रापर्यंत पोचायचं पण त्या कोपऱ्यापर्यंत नाही, त्याच्याकडे पाहत होते, मला दाखवत होते, चंपतरावांना ओरडून सांगत होते. फोन लावून सांगत होते. आणि मी काय म्हटलं होतं?

"माझं चुकलं," मी म्हटलं. "माझं लई चुकलं हो."

त्यांनी ते लाल बोट माझ्या पदराला पुसलं.

"अवो, पांढरी साडी आहे!" मी ओरडले, आणि ते हसले. 'आ' नाही, 'बा' नाही, नुसतं हसू.

मी उठले. पदराचं टोक ओलं केलं आणि राहिलेल्या तिन्ही कोपऱ्यांचं कुंकू पुसून काढलं.  तेवढ्यात सोनाबाई शेतातून धापा टाकत आली, पायाला माती तशीच. माझ्या हातातला लाल पदर आणि रिकामा पलंग पाहून ती दारातच मटकन बसली आणि गळा काढला.

"अगं, जित्ते आहेत!" मी म्हटलं. "रडू नको, इकडून धर."

दोघींनी त्यांना उचलून पलंगावर घेतलं. कोपराला हळद लावली. पाच मिनिटं आम्ही तिघं त्या स्क्रीनकडे पाहत बसलो. तो काहीच बोलला नाही. मग अपूर्वचा फोन आला, घाबरलेला. "आई, तासभर काहीच येत नाहीये. बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू उद्या ये, दोन दिवस राहा. पण गाडीत त्यांची जागा करू नको."

तो आला. शुक्रवारी, शनिवारी घरातच बसून पाहिलं त्याने, बापाशेजारी खुर्ची टाकून. दुखतंय एकदाच वाजलं, तेव्हा खरंच कोपर दुखत होतं. रविवारी तो एकटाच परत गेला. पिशवीतले कपडे मी पुन्हा कपाटात लावले. चंपतरावांनी येऊन चौकटीच्या खाली भिंतीवर एक छोटी फळी ठोकून दिली, हळद-कुंकू आता मी तिथं वाहते.

आता रोज दुपारी बाराच्या सुमाराला माझा फोन वाजतो आणि माझाच फोटो दिसतो. ह्यांना काही नको असतं. पाणी नको, पंखा नको. मी वर्ग सोडून व्हरांड्यात येते, उत्तमराव सर पाहून न पाहिल्यासारखं करतात. तिकडून सुरू होतं, आ, बा, आ आ बा, चांगलं पाच-सात मिनिटं, मध्येच हसणं, मध्येच रागावणं, सोनाबाईची तक्रार असेल, नाही तर कुठल्या तरी चुलतभावाच्या व्याह्याची ती राहिलेली गोष्ट असेल. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. मी म्हणते, "हं. मग? पुढं काय झालं?"